नानांचं शेततळं का भरलं नाही? मातीचे चार गट आणि वाहून जाणारं पाणी

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले दहा-बारा ‘म्हणजे’ आणि ‘तर’ काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. वाचायला साधारण दहा मिनिटं.)

आजचा एपिसोड एका चुकीबद्दल आहे, आणि ती चूक माझी आहे.

मी बीटेक केलेला, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस. गाव पारनेर तालुक्यात, जिल्हा अहिल्यानगर. माझे चुलते, म्हणजे आमचे नाना, गावी शेती बघतात. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी शेततळं करायचं ठरवलं आणि मला फोन केला, ‘तू कॉम्प्युटरवर बघून सांग, कुठं खांदायचं.’ मी एका शनिवारी लॅपटॉप उघडला, दोन तासांत गणित केलं आणि जागा सांगितली. नानांनी त्या जागेवर तळं खोदलं, आत प्लास्टिकचा कागद अंथरला, कुंपण घातलं. सगळा खर्च कर्ज काढून.

पहिल्या पावसाळ्यात तळं पावही भरलं नाही. दुसऱ्या वर्षी निम्मं. कागद असल्यामुळे गळतीचा प्रश्न नव्हता. पाणी आतच येत नव्हतं.

आज आपण हे बघू, की पाऊस पडल्यावर त्यातलं किती पाणी जमिनीत मुरणार आणि किती वाहून जाणार हे मातीवरून कसं ठरवतात, आणि त्यात माझं नेमकं कुठं चुकलं.

सुरुवात अगदी साध्या हिशोबाने करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं दहा हजार लिटर, म्हणजे १० घनमीटर. हा आकडा डोक्यात ठेवा. नानांच्या तळ्याचं वरचं तोंड ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक. म्हणजे तळाला ते २४ बाय २४ होतं. हिशोब केला तर पाणी मावतं साधारण २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर. तळ्याच्या वरच्या अंगाला ज्या रानाचं पाणी उतरून येणार, ते होतं ४ हेक्टर. ५० मिमीचा एक चांगला पाऊस त्या ४ हेक्टरांवर पडला तर आभाळातून येतं २,००० घनमीटर. एका पावसात तळं जवळजवळ फुल्ल! असं वाटतं ना? पण आभाळातून पडलेलं सगळं पाणी वाहत नाही. किती वाहतं, तोच खरा प्रश्न.

माती विचारते, ‘मी आत घेऊ का?’

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाने १९५० च्या दशकात यासाठी एक पद्धत बसवली. तिला कर्व्ह नंबर पद्धत म्हणतात. आपल्याकडे कृषी विद्यापीठांत, पाणलोटाच्या कामांत आजही हीच शिकवतात. आपल्या जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या कृषी अभियांत्रिकीच्या पोरांना विचारा, सूत्र पाठ असतं.

या पद्धतीची पहिली पायरी म्हणजे मातीचे चार गट. ए, बी, सी आणि डी. परीक्षेतल्या ग्रेडसारखं समजू नका. ए म्हणजे हुशार आणि डी म्हणजे नापास असं काही नाही. ए म्हणजे पाणी पिणारी माती, डी म्हणजे पाणी ढकलून देणारी माती.

१९५५ साली मसग्रेव्ह या शास्त्रज्ञाने या गटांना आकडे जोडले. माती आधी पूर्ण भिजवायची. भिजल्यानंतरही ती तासाला किती मिलिमीटर पाणी आत घेते, ते बघायचं. साधारण ७.६ मिमीच्या वर घेत असेल तर ए. ३.८ ते ७.६ असेल तर बी. १.३ ते ३.८ असेल तर सी. त्याच्याही खाली असेल तर डी.

आता हे आपल्या भाषेत आणू. वाळूसर, भुसभुशीत, खोल जमीन ए कडे जाते. मध्यम पोताची, पोयट्याची जमीन बी कडे. चिकणमातीचं प्रमाण वाढलं की सी. आणि कोपरगाव, श्रीरामपूर, नेवाशाकडची ती भारी काळी, जिच्यात पावसाळ्यात चप्पल रुतून बसते, ती डी. चिकणमाती ४० टक्क्यांच्या वर गेली की सहसा डी.

पण नुसत्या पोतावर गट ठरत नाही. खोली पण बघतात. वरून ५० सेंटिमीटरच्या आत पाणी न सोडणारा थर असेल, म्हणजे अखंड कठीण खडक, तर वरची माती कितीही हलकी असू द्या, गट डी. कारण सरळ आहे. वीतभर माती भिजली की भांडं भरलं, पुढचं पाणी वाहणारच. हे वाक्य लक्षात ठेवा, माझी चूक इथंच लपली आहे.

गटापासून आकड्यापर्यंत

दुसरी पायरी. गट आणि जमिनीचा वापर, दोन्ही मिळून एक नंबर मिळतो, तोच कर्व्ह नंबर, थोडक्यात सीएन. तो शंभरच्या जितका जवळ, तितकं पाणी जास्त वाहतं. डांबरी रस्ता किंवा स्लॅब म्हणजे ९८. सरळ ओळीत पेरलेलं, बांधबंदिस्ती नसलेलं शेत घेतलं तर ए गटात ७२, बी मध्ये ८१, सी मध्ये ८८, डी मध्ये ९१.

तिसरी पायरी सूत्राची. घाबरू नका, चार ओळींचा कोड आहे. २५,४०० ला सीएनने भागा, त्यातून २५४ वजा करा. हे झालं ‘एस’, म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती मिमी पाणी धरू शकते. सुरुवातीचा थोडा पाऊस पानं भिजवण्यात, खळग्यांत साचण्यात, मुरण्यात जातो. तो मूळ पद्धतीत एसच्या २० टक्के धरतात. पावसातून तो वजा करा. जे उरलं त्याचा वर्ग करा, आणि त्याला ‘उरलेलं अधिक एस’ने भागा. झालं, हा अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी.

५० मिमी पावसाला हे लावून बघितलं तर ए गटातून ७ मिमी वाहतं, बी मधून १५, सी मधून २४ आणि डी मधून २९. पाऊस तोच, पीक तेच, फक्त माती वेगळी. चौपट फरक.

मी नानांच्या रानासाठी डी धरलं होतं. ४ हेक्टर, २९ मिमी, म्हणजे एका पावसात ११६० घनमीटर. असे दोन पाऊस झाले की तळं भरलं. मी फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, ‘नाना, दोनच मोठे पाऊस पाहिजेत.’

मी डी कुठून आणलं?

इथं आपल्या क्षेत्रातल्या मित्रांनी कान द्या. मी डेटा डाउनलोड केला. सगळ्या जगाचे हे मातीचे गट दाखवणारा नकाशा फुकट मिळतो, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. त्याचा एक पिक्सेल २५० मीटरचा. मी गावाचे अक्षांश-रेखांश टाकले, उत्तर आलं डी. मी पुढं गेलो.

आता २५० गुणिले २५० मीटर म्हणजे किती? सव्वासहा हेक्टर. नानांचं ४ हेक्टरांचं पाणलोट त्या एका पिक्सेलच्या आत अख्खं मावतं. म्हणजे मी एका ठिपक्याला विचारलं, ‘आमच्या रानातला फरक सांग.’ ठिपका काय सांगणार? तो नकाशा वाईट नाही. देशाचं, खोऱ्याचं गणित करायला तो चांगलाच आहे. मी तो चुकीच्या कामाला लावला.

दुसरी गोष्ट. तो नकाशा मातीचा पोत, खडकापर्यंतची खोली आणि भूजलाची पातळी यांवरून बनवलेला आहे. आपला मुरूम त्या यादीत कुठेच नाही. आणि आपला जिल्हा बसाल्टवर बसलेला आहे. काळा पाषाण अखंड असेल तर पाणी थेंबभर सोडत नाही. पण तोच पाषाण कुजला, भेगाळला, की त्याचा मुरूम होतो, आणि मुरूम पाणी चाळणीसारखं खाली सोडतो. दोन्हीवर वरची माती वीतभरच असते. दोन्हीला आपण ‘हलकी जमीन’च म्हणतो. पण एक पाणी पिते, एक ढकलते.

हे सगळं मला नंतर कळलं. नानांना आधीपासून माहीत होतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीला गेलो तेव्हा ते तळ्याच्या काठावर उभे राहून शांतपणे म्हणाले, ‘आरं, ते वरचं रान मुरमाड हाय. बाबा म्हणायचे, तिथं घागर ओतली तरी चिखल होत नाही. तुझ्या कॉम्प्युटरला मुरूम ठाव नाही का?’

मी म्हटलं, ‘नाना, मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?’

‘तू शिकलेला. म्हटलं, आसंल काही नवीन.’

हे ऐकून मला खरंच कसंतरी झालं. मी त्यांना एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

तीन खड्डे

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन ठिकाणी खड्डे घेतले. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. पाणी भरून पूर्ण मुरू दिलं, परत भरलं, म्हणजे माती भिजलेली असावी. मग पट्टी लावून दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते मोबाईलमध्ये लिहिलं.

पहिला खड्डा तळ्याच्या वरच्या मुरमाड रानात. पाणी बघता बघता खाली गेलं. दुसरा बाजूच्या बरड माळावर, तिथं वीतभर खोदल्यावर पहार ठणकन वाजली. खाली अखंड खडक. पाणी तसंच उभं राहिलं. तिसरा खालच्या काळ्या पट्टीत, ओढ्याशेजारी. दुपारपर्यंत पट्टीवरची खूण जेमतेम हलली.

एक सावधगिरी सांगतो. खड्ड्यातलं पाणी बाजूलाही झिरपतं, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. तो थेट मसग्रेव्हच्या आकड्यांशी लावू नका. पण एकाच रानातल्या तीन जागांची तुलना करायला तो उत्तम आहे.

आम्ही मुरमाड रान ए नाही, तर जपून बी धरलं. आता अजून एक गोष्ट. ‘सुरुवातीला एसच्या २० टक्के’ हा आकडा अमेरिकेतल्या पाणलोटांचा. आपल्याकडे काळी माती ओली असेल तर १० टक्के आणि बाकी सगळ्या वेळी ३० टक्के धरायची शिफारस आहे. ती मी वापरलीच नव्हती. ३० टक्के धरून बी गटाचं गणित केलं तर ५० मिमी पावसाचे वाहतात फक्त ११ मिमी. ४ हेक्टरांचे ४५० घनमीटर. म्हणजे तळं भरायला दोन नाही, पाच मोठे पाऊस पाहिजेत. पारनेरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात एका दिवसात ५० मिमी पडण्याचे प्रसंग वर्षात किती? बोटांवर मोजा.

आणि २५ मिमीचा पाऊस असेल तर? पाऊस निम्मा, म्हणून पाणी निम्मं येईल असं वाटतं. येत नाही. त्याच मुरमाड रानातून एक मिमीसुद्धा वाहत नाही. पहिले जवळपास १८ मिमी तर जमीनच गिळते. छोटे छोटे पाऊस कितीही झाले तरी तळं कोरडं का, त्याचं उत्तर हे.

काळी माती जूनमध्ये वेगळी, सप्टेंबरमध्ये वेगळी

थोडं काळ्या मातीबद्दल. तुम्ही म्हणाल, डी गट म्हणजे पाणी वाहणारच. मग मृगाच्या पहिल्या पावसाला ओढ्याला पाणी का येत नाही? कारण उन्हाळ्यात काळी भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा. पहिलं पाणी सरळ भेगांतून खाली. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद. म्हणून या पद्धतीत आधीच्या पाच दिवसांत किती पाऊस झाला तेही बघतात. पिकाच्या हंगामात पाच दिवसांची बेरीज साधारण ३६ मिमीच्या आत असेल तर जमीन कोरडी समजायची, ५३ च्या वर गेली तर ओली, आणि त्यानुसार सीएन खाली-वर करायचा. आपल्या जिल्ह्यात सप्टेंबरचा पाऊस महत्त्वाचा. तेव्हा काळी आधीच भिजलेली असते, म्हणून ओढे-नाले तेव्हाच खळाळतात.

गंमत म्हणजे ही कोरडी-ओलसर-ओली अशी विभागणी आपल्या मातीत अमेरिकेच्याही आधी झाली होती. १८९२ साली स्ट्रेंज नावाच्या इंजिनिअरने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या भागातल्या पावसाचा आणि पाण्याचा अभ्यास करून कोष्टकं बनवली. त्यात पाणलोटाचे तीन प्रकार होते, चांगला, मध्यम आणि वाईट. चांगला कुठला? ज्यातून जास्त पाणी वाहून धरणात येतं तो! म्हणजे धरण बांधणाऱ्याला जो डोंगर ‘चांगला’, तो तिथल्या शेतकऱ्याला उघडाबोडका माळ. कोण कुठं उभा आहे त्यावर चांगलं-वाईट ठरतं.

माती बदलत नाही, नंबर बदलतो

आता नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारची गोष्ट या चष्म्यातून बघा. पोपटराव पवारांचं गाव, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पाऊस तिथंही आमच्यासारखाच बेताचा. त्यांनी डोंगराला सलग समतल चर खोदले, झाडं लावली, आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. मातीचा गट काही बदलला नाही, तो बदलत नसतोच. बदलला तो सीएन.

कोष्टकातला आकडा बघा. बी गटातलं चरून चरून उघडं पडलेलं कुरण असेल तर सीएन ७९. तेच कुरण राखलं, गवत दाट झालं, तर ६१. मूळ सूत्राने ५० मिमी पावसाला ७९ चे जवळजवळ १३ मिमी वाहतात, आणि ६१ चे दोन मिमीसुद्धा नाही. हे हिवरे बाजारचं मोजमाप नाही, कोष्टकाचं गणित आहे. पण चराईबंदीचा अर्थ सूत्रात असा दिसतो. ते १० हजार लिटर गुणिले ११ मिमी, दर हेक्टरी, दर मोठ्या पावसाला, डोंगरातच राहतं आणि पुढं विहिरींना उतरतं. म्हणूनच तिथं पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडतात आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. मुरवलेलं पाणी कुणी एकट्याने उपसू नये, म्हणून.

आता आमच्या नानांकडे या. तळं भरेना म्हणून त्यांनी काय केलं? कर्ज डोक्यावर, कांदा उभा. त्यांनी विहिरीचं पाणी मोटर लावून वर तळ्यात चढवलं. मुरमाड रानाने जे पाणी फुकटात खाली साठवलं होतं, ते वीज जाळून वर आणलं आणि उन्हात उघडं ठेवलं. वाफ होऊन निम्मा उन्हाळा तेच उडालं. आमच्याकडे असं करणारे नाना एकटे नाहीत. रस्त्याने जाताना किती तरी तळी अशीच भरलेली दिसतात.

मग काय केलं?

तळं तर हलवता येत नाही. पण तो जो बरड माळ आहे ना, खडकाचा, तो नानांच्याच गटातला, साधारण दीड हेक्टर. त्याचं पाणी बांधापलीकडून भलतीकडे जात होतं. खडक वर असल्यामुळे तो डी गट. आपल्याकडच्या ३० टक्क्यांच्या हिशोबाने ५० मिमी पावसाला तिथून २३ मिमी वाहतं, साधारण ३४० घनमीटर. २५ मिमीच्या पावसालाही ५ मिमी मिळतं. छोटा पाऊस वाया जात नाही, हे मोठं. आम्ही उन्हाळ्यात माळाच्या खालच्या कडेने एक चर काढून ते पाणी तळ्याकडे वळवलं. तळ्याच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा केला. आता दोन्हीकडचं मिळून एका मोठ्या पावसाला जवळजवळ ८०० घनमीटर. पाचऐवजी तीन पाऊस पुरतील.

यंदा तळं काठोकाठ नाही, पण निम्म्याच्या वर भरलं, तेही मोटर न लावता. मुरमाड रानात नाना आता आडवे बांध घालतायत, तिथलं पाणी विहिरीसाठी सोडून दिलंय. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. त्यातला माझा वाटा मी देतो, तो विषय घरचा.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्यासारखे फसाल. ती दिवसभराचा एकूण पाऊस बघते. ५० मिमी एका तासात कोसळले की दिवसभर रिपरिपले, हा फरक तिला कळत नाही. मूळ कोष्टकात उतारही नाही. म्हणून आलेलं उत्तर अंदाज समजा, वचन समजू नका.

तुमच्या घरी कुणी शेततळं, पाझर चर किंवा बंधारा यांपैकी काही करणार असेल, तर खर्च करायच्या आधी तीन खड्डे घ्या. एक वर, एक मध्ये, एक खाली. पाणी उभं राहतंय तिथं तळ्याचा विचार करा. पाणी गडप होतंय तिथं चर आणि बांध घाला, ते पाणी विहिरीत भेटेल. फोनमधला नकाशा बघा, जरूर बघा. पण आधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा, ‘हे रान पाणी पितं का?’

मी तो प्रश्न दोन वर्षं उशिरा विचारला. तुम्ही या रविवारी विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.